पाककृतीच्या पुस्तकातले फोटो : आखणी आणि खर्च

(द्वितीय वर्ष कला)

पाककृतीचे पुस्तक हाती आले की आपण प्रथम काय करतो? प्रस्तावना कोणी वाचीत नाही. अनुक्रमणिकेकडेही नंतरच वळतो. अंगठ्याने पाने फरफर सोडत रंगीत पान शोधतो, आणि त्यावरची वाफाळती वाटी पाहून पुस्तक घ्यायचे की ठेवायचे ते ठरवतो. ती वाटी तेथे कशी आली, तिच्यावर कोणाचे किती पैसे खर्च झाले, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. मलाही पडला नसता. परंतु गेल्या दिवाळीपासून नेमका हाच हिशेब माझ्या वहीत येऊन बसला आहे, म्हणून त्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे वाटले.

आमचे गाव यावल तालुक्यातले. आईच्या बचत गटात बारा बायका आहेत. बिबड्या, कुरडया आणि काळा मसाला विकून त्यांनी साठ हजार रुपये बाजूला ठेवले, आणि आपल्याकडच्या छत्तीस पदार्थांचे पुस्तक काढावयाचे ठरवले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे "पुस्तकातले तुलाच कळणार" असे म्हणून सर्व कारभार माझ्याकडे आला. मराठी आणि इतिहास घेतलेल्या मुलीला छपाईतले आणि छायाचित्रणातले काय कळणार, हे विचारावयास कोणाला सुचले नाही. असो. छापखान्यात दोन खेपा घातल्या, तीन छायाचित्रकारांना भेटले, ग्रंथालयात बसले, आणि जे कळले ते असे.

पहिली गोष्ट म्हणजे फोटोवाचूनही पाककृतीचे पुस्तक उत्तम होऊ शकते. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली निघाले आणि घराघरांत पोचले. त्याची कीर्ती फोटोंवर उभी नाही. वाटी आणि चमचा या घरातल्या मापांवर उभी आहे. अमेरिकेत १९६१ साली ज्युलिया चाइल्ड आणि तिच्या दोन सहकारी स्त्रियांनी फ्रेंच स्वयंपाकावर जो जाडजूड ग्रंथ काढला, त्यात रंगीत ताटे नव्हती, रेखाचित्रे होती. तीही सगळ्या पदार्थांची नव्हेत. जेथे हाताची हालचाल शब्दांनी सांगता येत नाही तेथे चित्र, असा त्यांचा हिशेब. ही चित्रे ज्या फोटोंवरून काढली ते ज्युलियाच्या नवऱ्याने घेतले होते, आणि कोन असा ठेवला होता की स्वयंपाक करणारीला स्वतःचे हात वरून जसे दिसतात तसेच वाचणारीला दिसावेत. (नवराच छायाचित्रकार असला की खर्चाचा एक मोठा रकाना आपोआप रिकामा राहतो, हा भाग वेगळा.)

ही गोष्ट मी गटात सांगितली तेव्हा कोणाला फारशी पटली नाही. "फोटो नसला तर घेणार कोण?" हा प्रश्न सर्वांचा, आणि तोही खोटा नाही. तेव्हा फोटो हवेत हे ठरले. आता किती, कशाचे आणि कोणाच्या पैशाने?

पैसे कोण देतो हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर ठरते. पुस्तक प्रकाशक काढीत असेल तर काही वेळा छायाचित्रणाचा खर्च तो करतो. परंतु अमेरिकेतल्या बऱ्याच करारांत लेखकाला जी आगाऊ रक्कम मिळते तिच्यातूनच त्याने छायाचित्रकाराचे पैसे भागवावयाचे असतात. वरून रक्कम मोठी दिसते; त्यातून छायाचित्रकार, ताट सजवणारा, भांडी आणि कापडे जमवणारा, त्यांचे मदतनीस आणि वाणसामान वजा केले म्हणजे लेखकाच्या हाती काय उरत असेल याची कल्पना करावी. तिसरा प्रकार आमचा. प्रकाशकही आपणच, लेखकही आपणच, आणि बुडालो तरी आपणच.

छायाचित्रकाराचा मोबदला मुख्यतः दोन रीतींनी ठरतो. एक दर फोटोमागे, दुसरा दर दिवसामागे. फोटोमागे दर ठरला की घाई नसते. एक पदार्थ मनासारखा येईपर्यंत थांबता येते. पण मोजण्याचा वाद निघतो. एकाच भरिताचे वरून, बाजूने आणि जवळून असे तीन फोटो घेतले तर ते एक की तीन? दिवसाचा दर ठरला तर हा वाद मिटतो, मात्र दिवस वाया जाऊ नये याची जबाबदारी आपल्यावर येते. चूल पेटली नाही, दळण आले नाही, लाइट गेली, तरी दिवस भरला. ज्याची तयारी पक्की त्याला दिवसाचा दर परवडतो. आणि तयारी करणे हे तर आमच्या गावच्या बायकांचे जन्माचे काम. एका मोठ्या शहरातल्या स्टुडिओने एका दिवसाचा जो आकडा सांगितला तो ऐकून गटाने काही न बोलता चहा मागवला. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका छायाचित्रकाराने पदार्थामागे आठशे किंवा दिवसाला सहा हजार असे दोन दर दिले. छत्तीस पदार्थांचे, आठशेप्रमाणे, २८,८०० रुपये होतात.

आता छापखान्याची बाजू. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात. आमचे ९६ पानांचे, म्हणजे सहा फर्म्यांचे. रंगीत छपाईला चार शाई लागतात : निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी. प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी. प्रत्येक पदार्थाचा फोटो त्याच्याच कृतीशेजारी हवा असेल तर सहाच्या सहा फर्मे चार रंगांत छापावे लागतात. त्याऐवजी सगळे फोटो एकत्र आणून आठ गुळगुळीत आर्ट पेपरची पाने मध्ये बांधली, तर रंगाचा खर्च त्या आठ पानांपुरताच राहतो. कृती एकीकडे आणि फोटो दुसरीकडे, ही गैरसोय खरी. कृतीखाली 'फोटो क्रमांक अमुक' एवढे लिहिले की भागते. पाचशे प्रतींसाठी रंगीत मुखपृष्ठासह एका रंगाच्या छपाईचे २७,५०० आणि आठ रंगीत पानांचे ९,०००, म्हणजे ३६,५०० रुपये छापखान्याकडे जाणार होते. साठ हजारांतून उरले २३,५००. छत्तीस पदार्थांचे २८,८०० त्यात बसत नाहीत हे सांगावयास गणिताचा प्राध्यापक नको.

म्हणून चाळणी लावावी लागली. प्रत्येक पदार्थाला मी एकच प्रश्न विचारला : हे शब्दांनी सांगता येते का? फौजदारी डाळ सांगता येते. डुबुकवडे सांगता येतात. शेवभाजीचा फोटो पाहून कोणाचे काही नवे शिक्षण होणार नाही. यावर गटात मोठी खडाजंगी झाली, कारण शेवभाजी ही खानदेशची शान. तिचा फोटो नाही म्हणजे काय! अखेर शेवभाजी मुखपृष्ठावर गेली आणि आतून वगळली. राजकारणात यालाच तोडगा म्हणत असावेत.

उलट मांडे पाहा. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर, थेट कोपरापर्यंत घेत, फिरवत फिरवत ताणायचा, आणि पातळ पडद्यासारखा झाला की चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. हे वाक्य लिहिण्यास सोपे आहे. ते वाचून मांडा करून दाखवील अशी बाई मात्र मला अजून भेटावयाची आहे. तयार मांड्याच्या फोटोचाही उपयोग नाही. घडी घातलेला मांडा म्हणजे फोटोत नुसता घडी घातलेला रुमाल. येथे एकापाठोपाठ एक सहा फोटो हवेत, हात कोठे आहेत ते दाखवणारे. भरिताचेही तसेच. ते मुळात काय आहे हे कळावयास कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेली हिरवी लांब वांगी आणि लाकडी बडगीत चाललेली ठेचणी दिसली पाहिजे. चाळणीखाली उरले चौदा पदार्थ आणि बावीस फोटो.

येथे ऋतूचा प्रश्न उभा राहिला, आणि मला वाटते आखणीतला सर्वांत अवघड भाग हाच आहे. भरिताची वांगी हिवाळ्यात. जळगावच्या या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकन मिळाले म्हणून ते वैशाखात त्या चवीचे येत नाही. रसमांडे आखाजीला, कारण आंबा तेव्हाच. बिबड्या आणि कुरडया कडक उन्हात. म्हणजे सगळे एका दिवसात उरकणे अशक्य. दोन दिवस ठरवले : एक जानेवारीत, दुसरा आखाजीच्या आधी. छायाचित्रकाराच्या दोन खेपा म्हणजे दोनदा पेट्रोल. शीतगृहातला आंबा आणि दुकानातल्या कुरडया आणून जानेवारीतच आटोपा, असे सुचवणारेही भेटले. पण कुरडई उन्हात खाटेवर वाळताना दिसली नाही तर तिच्या फोटोत दाखवायचे तरी काय?

दोन दिवसांचे १२,०००, जाण्यायेण्याचे २,०००, वाणसामान २,५००, संगणकावरच्या दुरुस्तीचे बावीस फोटोंना शंभरप्रमाणे २,२०० आणि छपाईचा रंगीत नमुना ६००. बेरीज १९,३००. उरले ४,२००.

जानेवारीचा दिवस पार पडला आहे, त्यावरून कामाची रीत थोडी सांगते. आदल्या रात्री कागदावर यादी केली : कोणता पदार्थ किती वाजता, कोणत्या भांड्यात, खाली काय अंथरायचे, फोटो उभा की आडवा. ही यादी नसेल तर दिवसाच्या दरातले दोन तास भांडी शोधण्यात जातात. लोणचे, ठेचा, चटण्या तासभर थांबू शकतात, ते शेवटी. भाकरी थांबत नाही. टम्म फुगलेली कळण्याची भाकरी काही क्षणांत बसते. म्हणून आधी कालची भाकरी ठेवून कॅमेरा आणि उजेड जुळवून घ्यावयाचा, आणि सगळे सिद्ध झाल्यावर तव्यावरची ताजी तेथे आणावयाची. भरितावर तेल चमकते तेही थोडाच वेळ, कोथिंबीर तर त्याआधीच मान टाकते.

उजेडासाठी दिवे भाड्याने आणले नाहीत. उत्तरेच्या खिडकीतून ऊन आत येत नाही, पण उजेड भरपूर येतो. तो बाजूने पडला की पदार्थाचा पोत दिसतो. समोरून पडला तर सारे सपाट. सावलीच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला की काळोख निवळतो. खोलीतला दिवा मात्र बंद, नाहीतर एका बाजूने पिवळा आणि एका बाजूने निळसर असा भलताच रंग येतो. आमचे पदार्थ बहुतेक तपकिरी आणि काळपट : कळणा, भरीत, काळ्या मसाल्याची आमटी. असे पदार्थ फोटोत मातीसारखे दिसतात. शहरी पुस्तकांत यावर उपाय म्हणून पांढरी चिनी मातीची भांडी वापरतात. आम्ही केळीची पाने घेतली. ती फुकट, आणि भरीत आमच्याकडे खातातही त्यावरच. स्टीलची ताटे आईने हौसेने घासून ठेवली होती, पण त्यांत छायाचित्रकार, मी, खिडकी आणि खिडकीत डोकावणारी पोरे असे सर्व कुटुंब दिसू लागले. तेव्हा काठवट आणि पितळी परात बाहेर आली.

फोटोतले अन्न खोटे असते, असे पुष्कळदा ऐकतो. त्यात तथ्य आहे. अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातीत वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या, म्हणजे भाज्यांचे तुकडे वर येऊन सूप दाट दिसावे. १९७० साली तेथील व्यापार आयोगाने त्यावर कारवाई केली. आमच्या गटाचा नियम साधा होता : फोटो झाला की ताट पंगतीत जाणार. त्यामुळे गोट्यांचा प्रश्न आला नाही, आणि वाणसामानाच्या अडीच हजारांत सर्वांचे जेवणही झाले.

मोबाइलवर फोटो काढून पैसे का वाचवू नयेत, असे एका काकूंनी विचारले. प्रश्न रास्त आहे. छपाईला इंचाला तीनशे ठिपके लागतात; पाच इंच रुंद फोटोला पंधराशे. साध्या बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलचा फोटो चार हजार ठिपके रुंद असतो, तेव्हा संख्येत तो कमी पडत नाही. उजेड कमी असला की तो कमी पडतो, आणि मांड्यासारखे हलते हात पुसट येतात. म्हणून चटण्या-लोणच्यांचे चार फोटो मी मोबाइलवर घ्यावयाचे ठरवले असते तरी चालले असते; पण दिवसाचे पैसे दिलेच होते. ज्यांना मोबाइलवरच भागवावयाचे आहे त्यांनी एक लक्षात ठेवावे : व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो आकसतो. छापखान्याला द्यावयाचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा किंवा पेन ड्राइव्हवर नेऊन द्यावा. शिवाय पडद्यावरचा रंग आणि कागदावरचा रंग एक नसतो. सर्वांत काळपट फोटोचा नमुना आधी छापून पाहावा. तो साधला की बाकीचे सुटतात.

आता त्या उरलेल्या ४,२०० रुपयांविषयी. छायाचित्रकाराच्या अंदाजपत्रकात त्याच्या मदतनिसाची मजुरी धरलेली होती. मोठ्या पुस्तकांच्या खर्चात ताट सजवणाऱ्याचे पैसे असतात, आणि ज्यांचे हात फोटोत येतात त्यांचेही असतात. आमच्या कागदावर छापखाना होता, पेट्रोल होते, कोथिंबीर होती. मांडे करणाऱ्या काकू नव्हत्या. त्या पहाटे चारला उठून चूल पेटवणार, गोळा ताणताना "अजून एकदा, ताई, अजून एकदा" हे सहा वेळा ऐकणार, आणि त्यांचा शेतमजुरीचा दिवस बुडणार. मी पाच जणींचे दोन दिवसांचे, साडेतीनशे रुपये रोजाप्रमाणे, ३,५०० रुपये मांडले. विरोध प्रथम आईनेच केला. "आपल्याच कामाचे आपण पैसे घ्यायचे का?" असे तिचे म्हणणे. त्यावर दुसऱ्या एका मावशी म्हणाल्या, "शेतात निंदायला गेलीस तर घेतेस ना?" दोन बैठका यातच गेल्या. शेवटी रकाना राहिला. त्याचे नाव 'स्वयंपाक व हात' असे आहे; नाव आईनेच सुचवले. आता शिल्लक सातशे रुपये.

एकूण खर्च ५९,३०० झाला. फोटोंचा आणि त्यासंबंधीचा मिळून २२,८००, म्हणजे प्रतीमागे सुमारे सेहेचाळीस रुपये. किंमत दोनशे ठेवली आणि स्वतःच विकले, तर २९७ प्रती गेल्यावर गटाचे पैसे परत येतात. दुकानदाराचे कमिशन गेले तर अर्थात जास्त प्रती विकाव्या लागतील.

शेवटी हक्कांचे. याकडे कोणी लक्ष देत नाही, म्हणून सांगते. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन कोणी फोटो काढवून घेतला तर वेगळा करार नसेल तेव्हा हक्क काढवून घेणाऱ्याचा. 'वेगळा करार नसेल तेव्हा' हे शब्द महत्त्वाचे. आम्हाला आलेल्या दरपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'सर्व हक्क छायाचित्रकाराकडे' अशी ओळ होती. त्यावर सही झाली असती तर उद्या बिबड्यांच्या पाकिटावर स्वतःच्याच बिबड्यांचा फोटो छापावयास गटाला परवानगी मागावी लागली असती. बोलल्यावर छायाचित्रकाराने ती ओळ काढली. गृहस्थ भले आहेत, आणि ती ओळ त्यांनी कोठून तरी जशीच्या तशी उतरवली होती. आता लेखी असे ठरले आहे : हक्क गटाचे, आणि आपले काम दाखवण्यासाठी ते फोटो वापरण्याची त्यांना मुभा. दोघींना चेहरा फोटोत नको होता, म्हणून तेथे हातच घेतले, आणि हातांखाली नाव मात्र छापावयाचे.

आखाजीच्या आधीचा दिवस अजून व्हावयाचा आहे. खापर जुने झाले आहे, त्याला एका बाजूने चीर गेली आहे. नवे आणावे तर ते फोटोत फारच लाल दिसेल असे छायाचित्रकाराचे मत, आणि जुने आच लागताच फुटेल असे काकूंचे. त्या सातशेतून नवे खापर आताच घ्यावे, आणि तोवर रोज चुलीवर ठेवून काळे करावे, असे सध्या ठरले आहे.